जलमोहिनीची घंटा

बाळा आगवाल्याने लाल कापडाची गाठ सोडली, कापड ओढले, आणि घंटेच्या जागी काळे मडके लोंबताना दिसले.

पहिल्यांदा कोणालाच काही उमजले नाही. मग मागच्या बाकावरून कोणीतरी फिस्सकन हसले. बाळाच्या गळ्यात नुकताच घातलेला हार होता. त्याने मडक्याकडे पाहिले, बाकाकडे पाहिले आणि हार तोडून खाली आपटला.

"ह्यां कोणाचां काम? समोर येवा! बापाचो आसात तर समोर येवा!"

सन अठ्ठावन्नची नारळी पौर्णिमा होती. जागा मालवणच्या बंदरावरचा पेन्शनी क्लब. खरे नाव लांबलचक होते, पण सागरसेवा बोट कंपनीतून निवृत्त होऊन गावी परतलेल्यांच्या या क्लबाला त्या नावाने कोणी ओळखत नसे. कंपनीची 'जलमोहिनी' ही आगबोट मोडीत निघाली तेव्हा तिची पितळी घंटा क्लबाला मिळाली होती. दर नारळी पौर्णिमेला नव्या अध्यक्षाने ती वाजवायची आणि मग सगळ्यांनी मिरवत जाऊन दर्याला नारळ द्यायचा, ही रीत. आजवरचे सगळे अध्यक्ष डेकवरचे. यंदा पहिल्यांदाच इंजिनातला माणूस निवडून आला होता, तोही बाळासारखा, जन्मभर बॉयलरमध्ये कोळसा मारलेला.

डेकवाले आणि इंजीनवाले एकाच क्लबात बसत, एकाच किटलीतला चहा पीत आणि एकमेकांचे तोंड पाहत नसत. बोटीवर भांडायला निदान काम तरी होते. इथे भांडण हेच काम झाले होते.

फौजदार सहदेव परब पाहुणा म्हणून पहिल्या खुर्चीवर बसला होता. शाल, नारळ, दोन शब्द, की घरी जाऊन जेवायचे, एवढाच त्याचा बेत. तो मूळचा वेंगुर्ल्याचा, जिभेने तिखट आणि भुकेला असला की आणखी तिखट. तो उठला.

"कोणी कशाला हात लावायचा नाही," तो म्हणाला. "दारं लावा."

"दारां लावन काय करतलास?" कोणीतरी ओरडले. "आदी गाऱ्हाणां घाला! देवाक सांगा!"

ही मागणी मात्र दोन्ही बाजूंनी एकदम आली. वस्तू हरवली की आधी देवाला गाऱ्हाणे, मग सरकारला. सगळ्यांच्या माना दाजी तांडेलाकडे वळल्या. दाजी म्हणजे जलमोहिनीचा जुना सारंग, डेकवरच्या सगळ्या खलाशांचा मुकादम. गाऱ्हाणे घालायचा मान त्याचाच. खणखणीत आवाज, ताठ मान. निवृत्त झाला तरी कोणाशी बोलताना तो हुकूमच सोडी.

दाजी उभा राहिला. हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! बारा-पाचाच्या देवा! आज ही तुजी लेकरां हय गोळा झाली!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले.

"आमच्या जलमोहिनीची घंटा आमच्या नजरेआड झाली!"

"व्हय म्हाराजा!"

"ती खंय आसात थंय तिका सुखरूप ठेव! तिचो मान तसोच ऱ्हवांदे!"

"व्हय म्हाराजा!"

"ह्या जाग्यात भांडान होव नको! आज दर्याक नारळ जातलो, तो गोड मानून घे! होडयेक, जाळ्याक, लेकराबाळांक सांबाळ म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

परबानेही सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हटले. पण आमटीत मीठ राहून जावे तसे त्याला काहीतरी राहिल्यासारखे वाटले. काय राहिले, ते लगेच सुचेना. कारण तेवढ्यात क्लबाचा सेक्रेटरी सत्यवान मडक्याकडे बोट दाखवून किंचाळला होता.

"हे मडकं राधाबाईचं आहे!"

सत्यवान पूर्वी कंपनीच्या तिकीटखिडकीवर होता. तिथल्या शुद्ध भाषेने अजून त्याची पाठ सोडली नव्हती. "क्लबाची किल्ली तिच्याकडे. मडकं तिच्या चुलीवरचं. आणखी काय पाहिजे? काढा तिचं बोचकं बाहेर!"

राधाबाई क्लबाच्या मागच्या खोलीत राहत असे. झाडलोट, चहा, फराळ, सगळे तीच करी. नवरा मेल्यावर तिला ती खोली मिळाली होती. तिच्या नावावर दुसरे छप्पर नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला आपली माणसे किती चपळ असतात ते परबाने त्या दिवशी पाहिले. तो मधे पडेपर्यंत दोघांनी तिची वळकटी, पेटी, देवाची तसबीर मागच्या ओट्यावर आणून टाकलीसुद्धा. दोघांपैकी एक डेकचा होता, दुसरा इंजिनाचा.

"संध्याकाळी नारळ दर्यात पडायच्या आत ही बाई इथून गेली पाहिजे," सत्यवान म्हणाला. "चोराच्या हातचा चहा आम्ही पिणार नाही."

"चोर कोण ते तुम्ही ठरवणार, तर मला कशाला बोलावलंत?" परब म्हणाला. "पाहुण्याच्या वहाणेने विंचू मारायला?"

परबाने मडके खाली उतरवून घेतले.

मडके दोरीच्या जाळीत बसवले होते. शिंके असते तसेच, पण परबाने ते उजेडात धरून फिरवून पाहिले. जाळीला गाठ कुठेच नव्हती. दोरीचे पीळ उलगडून ते एकमेकांत विणले होते आणि टोके आतल्या आत गडप केली होती. दोरी ओली करून, ओढून, पुन्हा ओढून केलेले निवांत काम. मडके घेऊन तो मागे स्वयंपाकघरात गेला. तिथे राधाबाईचे शिंके टांगलेले होते. सुंभाचे, वर तीन पेड एकत्र करून मारलेली जाडजूड गाठ.

राधाबाई ओट्यावर आपल्या पेटीशेजारी बसली होती. ती रडत नव्हती. रागाने तिचा चेहरा लाल झाला होता.

"मडकं तुझं?" परबाने विचारले.

"माजांच. घावन्याचां पीठ भिजत घालूचां. काल परसात उपडां घातलेलां. सकाळी बगतंय तर नाय. माका वाटलां, कुत्र्यान लोटलां."

"आणखी काय गेलं?"

"भांडी घासूचो काथ्यो."

खिडकीतून ऐकणाऱ्यांत एकदम खसखस पिकली. "घंटा चोरल्यान नि वांगडा काथ्योय न्हेल्यान! घराक जावन भांडी घासतलो!"

परब खिडकीकडे वळला. "हसणाऱ्यांची नावं लिहून घेऊ का?" खिडकी रिकामी झाली. "घंटेवर कापड कधी बांधलं?"

"काल दुपारी. मी चिंचेन घासलंय, सत्यवानभाऊंनी कापड बांदल्यानी. सगळ्यांच्या समोर."

"नंतर त्या खोलीत कोण गेलं?"

"कोण जातलो? पत्ते हातात इले काय ह्यांच्या घराक आग लागली तरी कळाचां नाय. सगळे भायर वसरेत होते. दाजी तेवडे दिवो लावूक आत गेले. ते रोज लावतत. वाऱ्यान इजता म्हणान दार लोटून घेतत. मगे सातेरीच्या देवळाक नारळ घेवन गेले."

"आणि तू कुलूप लावलंस?"

"दिवेलागण झाल्यार. कापड लोंबत होतां तसांच."

"कापड वर करून बघितलं नाहीस?"

राधाबाईने त्याच्याकडे असे पाहिले की फौजदाराला आपलाच प्रश्न बावळट वाटला.

"माका घंटेक हात लावूची परवानगी नाय, सायबानू. घासूची तेवडी आसा. वाजवूची नाय, उगाच धरूची नाय. बायलमाणसान हात लायलो तर घंटा बाटता. घासताना बाटना नाय."

परबाला यावर हसू आले नाही. त्याने बाजूच्या खोलीत टेबल घेतले आणि एकेकाला बोलावले.

बाळा आगवाला आला तो धुमसतच.

"ती बाय चोर नाय, हत्यार आसा," तो म्हणाला. "डेकवाल्यांनी तिका फूस लायली. तिचो घोव काशीराम डेकचोच खलाशी. दाजीच्या हाताखाली बोटीवरच मेलो. तेंचीच ती."

"ही जाळी तुला विणता येईल?"

बाळाने पाहिली आणि परत ढकलली. "आमचां काम फावड्याचां. दोरयेचे लाड डेकवाल्यांनी करूचे. माका बुटाची नाडी धड बांदूक येयना नाय."

"काल संध्याकाळी तू कुठे होतास?"

"पत्ते खेळी होतंय. जिंकी होतंय." बाळाला कालची आठवण होऊन जरा बरे वाटले. "दाजीक बगून इतको हसलंय! सारंग म्हणान जलमभर ऐट. छत्रीसुद्दा गड्याच्या हातात देतलो. नि काल सोताच पाटी घेवन सातेरीक चल्लो. कपड्यान झाकलेली नारळांची पाटी, नि म्हातारो पुरो वाकान गेलो. मी म्हटलंय, सारंगानू, बोट एका बाजूक कलता! वळान बघलोच नाय."

"तुम्हा दोघांचं इतकं का वाकडं?"

"तो माका माणूस समजना नाय. बोटीवर घंटेच्या बाजूसून गेलंय तरी हाकलूचो. कोळशाचे हात लागतीत म्हणान."

सत्यवानाकडून फारसे काही मिळाले नाही. किल्ली राधाबाईकडे, म्हणून चोर राधाबाई, हेच त्याने चार तऱ्हांनी सांगितले.

"सत्यवानराव," परब म्हणाला, "क्लबाला कुलूप लावून रात्रभर इथेच राहणारी बाई मडकं कशाला टांगील? ती घंटा घेऊन सरळ पळाली असती. मडकं टांगायची गरज कुलूप लागायच्या आधी चोरी करणाऱ्याला. तिने दार बंद करताना कापड फुगलेलं दिसावं म्हणून."

तिकीटखिडकीवर असा प्रश्न सत्यवानाला कधी कोणी विचारला नव्हता.

शेवटी दाजी आला. न सांगता खुर्चीवर बसला.

"दाजी, संशय कोणावर?"

"मी कोणाचां नाव घेवचंय नाय."

"राधाबाई?"

दाजीने बाहेर पाहिले. ओट्यावरची वळकटी तिथून दिसत होती. "बाय बरी आसा," तो म्हणाला. "पण गरिबाक मोह होता."

"बाळा अध्यक्ष झाला, तुम्हाला कसं वाटलं?"

"तेका अध्यक्ष करा, राजा करा, माका काय? पण घंटा डेकाची. उबो जलम ती मी वाजवलंय. धुक्यात, तुफानात. आगवाल्यान तिका हात लावचो ही रीत नाय. खंयच्याच बोटीवर नाय."

"मग आज ती इथे नव्हती हे बरंच झालं म्हणायचं."

"देवाची करणी," दाजी म्हणाला आणि उठला.

परब पाय मोकळे करायला बाहेर पडला. क्लबाच्या खालच्या वळणावर सातेरीचे देऊळ. त्याने वहाणा काढल्या, हात जोडले, आणि वर पाहत जरा जास्तच वेळ उभा राहिला. गुरवाशी दोन शब्द बोलला. परत येताना त्याला आमटीतले मीठ सापडले होते.

उन्हे कलली. दर्याला द्यायचा नारळ वसरीवर तबकात ठेवला होता. भरती थांबणार नव्हती, म्हणून सगळे घाईला आलेले. राधाबाई पेटी घेऊन दाराशी उभी होती आणि तिच्याकडे कोणी पाहत नव्हते.

"निघायच्या आधी गाऱ्हाणं घालायचं आहे," परब म्हणाला.

"सकाळी घातलां," दाजी म्हणाला.

"अर्धं घातलंत. राहिलेलं घाला."

"काय ऱ्हवलां?"

"चोर." परबाने हात जोडले. "आमच्या वेंगुर्ल्यात कोंबडी गेली तरी गाऱ्हाण्यात पहिली मागणी असते, जिन्नस घरी आण. दुसरी, जो कोण आडवा आला त्याला धडा दाखव. मग होड्या, जाळी, लेकरंबाळं. सकाळी तुम्ही होड्या सांभाळायला सांगितलंत, जाळी सांगितलीत. घंटा परत आण म्हणाला नाहीत. जिथे आहे तिथे सुखरूप ठेव म्हणालात. आणि चोराला तर शब्दानेही दुखवलं नाहीत. घाला आता. जो कोणी घंटा न्हेल्यान, तेचां... म्हणा पुढे."

दाजीने हात जोडले. ओठ ओले केले.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला. "जो कोणी... जो कोणी ही घंटा..."

सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणायला तोंड उघडून थांबले होते. दाजीच्या तोंडून पुढचा शब्द निघाला नाही. त्याचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"फौजदाराशी खोटं बोलता येतं," परब म्हणाला. "मी काही सातेरी नव्हे. पण तिच्यापुढे स्वतःवर शाप मागायचा, तर तेवढं धाडस सारंगालाही झालं नाही."

बाळा पुढे झाला. परबाने त्याला हाताने अडवले.

"ऐका. ही जाळी बघा. एक गाठ नाही, सगळे पीळ एकमेकांत विणलेले. राधाबाईच्या शिंक्याला गाठ आहे. आगवाल्याला हे येत नाही, तिकीटवाल्याला तर नाहीच. हे डेकवरचं काम, आणि घाईचं नव्हे, घरी बसून आधी करून ठेवलेलं. काल कापड बांधल्यावर त्या खोलीत दार लोटून एकच माणूस गेला, दिवा लावायला. मडकं परसातलं उचललं. घंटा काढली. पण घंटेला जीभ असते. ती हलली तर वसरीवरच्या सगळ्यांना कळणार. म्हणून राधाबाईचा काथ्या तिच्या पोटात कोंबला. तुम्ही काथ्याला हसलात ना? तो काथ्या आत्ता सातेरीच्या देवळात आहे. घंटेच्या पोटात."

"देवळात?" सत्यवान म्हणाला.

"नवसाच्या घंटांच्या रांगेत. शेवटची. गुरवाला दाजींनी सांगितलं, जुना नवस होता, फेडला. ज्या माणसाने कधी स्वतःची छत्री उचलली नाही, त्याने काल नारळांची पाटी स्वतः नेली, आणि त्या ओझ्याने तो वाकला होता. हे मला बाळाने सांगितलं. चिडवायच्या नादात सांगितलं, कळून नाही."

बाळाचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

दाजीने मान वर केली. "चोरी नाय ती!" तो ओरडला. "देवीक दिलंय! घराक न्हेवक नाय, इकूक नाय. ह्येचो कोळशाचो हात तिका लागान देवचो नाय म्हणान देवीक दिलंय!"

"ठीक," परब म्हणाला. "देवीला घंटा दिलीत. राधाबाईला काय दिलंत?"

दाजीची नजर दाराशी उभ्या राधाबाईकडे गेली आणि लगेच खाली वळली.

"मडकं हाताला लागलं म्हणून घेतलंत, हे मी मानतो. तिच्यावर आळ यावा असा तुमचा बेत नसेलही. पण आळ आला तेव्हा तुम्ही चार हातांच्या अंतरावर उभे होतात. वळकटी बाहेर पडताना पाहिलीत. आणि मला म्हणालात, गरिबाला मोह होतो. काशीराम तुमच्या हाताखालचा खलाशी होता ना? त्याची बायको चोर ठरली तरी चालेल, घंटेला आगवाल्याचा हात लागता कामा नये! घंटा नेलीत ते मला समजतं, दाजी. हे नाही समजत, आणि समजून घ्यायचंही नाही."

मग जो गलका उठला त्यात कोण काय बोलतो ते कळेना. इंजीनवाले दाजीच्या अंगावर गेले, डेकवाले त्याला वाचवायला म्हणून गेले आणि त्यातल्या दोघांनी त्यालाच ढकलले. बाळाने तिथल्या तिथे तक्रार दिली. अध्यक्ष झाला तेव्हाही त्याला इतकी खुशी झाली नव्हती. सत्यवान तेवढ्यात राधाबाईकडे वळला होता.

"झालं गेलं विसर, राधाबाई. पेटी आत ठेव बघू. आणि चहा टाक सगळ्यांना. घसे सुकले."

राधाबाई पेटी घेऊन पुढे आली. पण आत गेली नाही. टेबलावरचे मडके तिने उचलले, दोरीची जाळी काढून दाजीच्या पायाशी टाकली.

"ह्यां माजां," ती म्हणाली. "ह्यां घेतंय."

"अगो, खंय चल्लंस?" बाळाने विचारले.

"धामापुराक. भावाकडे. तो ठेवन घेतलो नायतर हाकलतलो, पण निदान एकटो हाकलतलो." तिने सगळ्यांकडे एकदा पाहिले. "इतकी वर्सां तुमका चाय दिलंय. डेकाचो कप येगळो, इंजिनाचो कप येगळो. एका बाकार बसतलास नाय, एकामेकाच्या मयताक जातलास नाय. सकाळी माका चोर म्हणताना मात्र डेक ऱ्हवला नाय नि इंजीन ऱ्हवला नाय. तेवा सगळे एक झालास. बरां झालां, एकदा तरी झालास."

परबाने आपली सन्मानाची शाल खुर्चीवरच ठेवली आणि दाजीला चलण्याची खूण केली.

"पण घंटेचां काय?" बाळा म्हणाला. "माणसा धाडून घेवन येवया. मी अजून वाजवक नाय!"

"गुरवाला विचारलं मी," परब म्हणाला. "देवीला दिलेलं परत येत नाही म्हणतो. भांडायचं तर तिच्याशी भांडा."

राधाबाई पाणंदीच्या उताराने निघून गेली. डोक्यावर पेटी, कमरेला मडके. क्लबात तबकातला नारळ कोणी उचलायचा यावरून नवे भांडण सुरू झाले होते. डेकवाले म्हणत होते, अध्यक्षाने घंटा वाजवलीच नाही, मग तो अध्यक्ष कसला.

आणि तेवढ्यात खालच्या वळणावरून घंटा वाजली.

सगळ्यांनी ती ओळखली. बोटीवर आयुष्य गेलेल्या माणसाला तो आवाज ओळखायला दोनदा ऐकावा लागत नाही. पोटातला काथ्या कोणीतरी काढून टाकला होता. घंटा पुन्हा वाजली, मग पुन्हा, जोरात, घासून घासून जिचे हात दुखले होते तिने वाजवावी तशी. देवळात घंटा वाजवायला कोणाची परवानगी लागत नाही.

दाजीने डोळे मिटून घेतले. बाळा तबकाशी नुसताच उभा राहिला. नारळ अजून तबकातच होता.